आता खुर्ची सरकत नाही

...आणि वर टाळ्या वाजवल्या हो लोकांनी. माझं संपलं, मी मान खाली घातली, तर अख्खं नाट्यगृह उभं राहून टाळ्या. आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे, टाळ्या मिळाल्या म्हणून रडतोय. रडत नाहीये. तक्रार करतोय. माझ्या आधी एक जण आला होता, त्यानं जाता जाता माइक पाडला, त्यालाही टाळ्या. त्याच्या आधी निवेदिका नुसती पाणी प्यायली, टाळ्या! मग मला मिळाल्या त्या कशाच्या समजायच्या? पाणी पिण्याच्या बरोबरीच्या? की माइक पाडण्याच्या वरच्या आणि पाण्याच्या खालच्या? मी बोललो का कोणाला काही? नाही बोललो. आपला स्वभावच नाही बोलायचा.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांची बाजू घ्याल. मी खुर्च्या भाड्यानं देतो. लग्न असो, वाढदिवस असो, शोकसभा असो, जिथं माणसं बसणार तिथं माणसांच्या आधी माझा टेम्पो जातो. लोखंडी, घडीच्या, जड. आमचं गोडाऊन म्हणजे वर पत्रा, खाली कोबा, मागे भिंत आणि पुढे थेट रस्त्यावर उघडणारं मोठं शटर. लग्नं नसतात त्या दिवसांत खुर्च्या आत पडून, आणि मी त्यांच्यासमोर पडून. अशा एका दुपारी एक दाढी आली. म्हणजे दाढीच आधी आली, माणूस मागनं आला. नाटक लिहितो म्हणाला. मोठ्या नाट्यगृहानं हाकललं होतं त्याला. का? तर तिथले साहेब म्हणाले, 'यात गोष्ट कुठंय?' हा म्हणाला, 'गोष्टीच्या विरोधातच आहे ते.' झालं, दार बंद. तर त्याला खुर्च्या हव्या होत्या. म्हटलं, जागा कुठली? तर जागा नाही. नुसत्या खुर्च्या. आता नुसत्या खुर्च्या घेऊन हा काय करणार होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हटलं, बाबा, इथंच कर. खुर्च्या इथंच आहेत, टेम्पोचं डिझेल तरी वाचेल.

असा सुरू झाला आमचा महोत्सव. तीन दिवस. ज्याला कुठं कोणी उभं करत नाही त्यानं इथं भिंतीपाशी उभं राहायचं. पहिल्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारचा दातांचा डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आला. त्याचं म्हणणं, तुमच्या टाळ्यांनी पत्रा वाजतो, पत्रा वाजला की माझा हात हलतो, आणि माझा हात त्या वेळी कोणाच्या तरी दाढेत असतो. 'कला करा, पण टाळ्या नकोत.' माणसाचं बरोबर होतं. मग दाद द्यायची कशी? दाढी विचारात पडला. हा विचारात पडला की दाढीला पीळ देतो, तसा देत बसला.

तेवढ्यात काय झालं... एक मुलगी होती, ती भिंतीपाशी बसून उशीचा फाटका अभ्रा शिवत होती आणि शिवता शिवता आईचं आणि तिचं भांडण हळू आवाजात सांगत होती. बस्, एवढंच. आमची बायको भाजी घेऊन घरी चालली होती, ती जरा टेकली होती मागच्या रांगेत. तिला नीट ऐकू येईना. तिनं काय केलं, उठली, खुर्ची धरली, आणि खर्रर्र करत पुढे ओढली. परत बसली. थोड्या वेळानं परत खर्रर्र. तिचं बघून दुसरा, त्याचं बघून तिसरा. शेवटी त्या पोरीला सुई वर घ्यायला जागा उरेना! दाढीच्या डोळ्यांत पाणी. 'काका, हीच खरी दाद.' आणि तेव्हापासून आमचा नियम झाला. टाळी नाही. आवडलं तर खुर्ची पुढे, नाही आवडलं तर खुर्ची मागे. डॉक्टरचीही हरकत नव्हती, त्या खर्रर्रच्या जातीचाच त्याच्या मशीनचा आवाज.

हसू नका. इतका खरा नियम जगात दुसरा नसेल. टाळी काय हो, शेजारच्यानं वाजवली की आपण वाजवतो. पण बूड उचलून, लोखंडी खुर्ची ओढून पुढे जायचं म्हणजे आतून काहीतरी व्हावं लागतं. आणि मागे जायलाही हिंमत लागते, समोरचा बघत असतो. एक कवी आला होता. सुरुवात केली तेव्हा सगळे आत होते. दुसऱ्या कवितेला शटरपाशी. चौथ्या कवितेला सगळे श्रोते रस्त्यावर, मागे बस हॉर्न वाजवतेय. कवी खचला का? अजिबात नाही. म्हणाला, 'माझी कविता रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचली.' अशी माणसं. मी तर डोळे मिटून सांगायचो, खुर्ची पुढे चालली की मागे. पुढे जातानाचा खर्रर्र आखूड असतो, लाजत लाजत. मागे जातानाचा लांब आणि तिरसट.

हा लांब आणि तिरसट मला इतका चांगला कसा माहिती? कारण तो माझ्यासाठीच वाजायचा. हो, मीही करतो. गोडाऊन माझं, खुर्च्या माझ्या, भिंत माझी, मग मी काय नुसतं शटर वर-खाली करू? शाळेत आपण निबंध लिहायचो ना, मी फाटकी छत्री बोलतेय, तसं माझं आहे, एका मोडक्या खुर्चीचं मनोगत. दरवर्षी तेच. लोक म्हणायचे, काका, नवीन काही करा. अहो, जुनं जमेना, नवीन काय करू?

पहिल्या वर्षी मी तोंड उघडलं आणि बायको खुर्चीसकट बाहेर. रस्ता ओलांडून पलीकडे न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली. न्हावी तिला विचारतोय, केस कापायचेत का? घरी आल्यावर म्हटलं, अगं, निदान आपल्या बाजूला तरी थांबायचंस! ती म्हणाली, 'अहो, तुमची खुर्ची नुसती फुशारक्या मारते. अमका पुढारी बसला, तमका साहेब बसला. मोडलीये ते कुठं कळतंय?' तिच्या बोलण्यात साखर नसतेच. मी पुढारी काढला. पुढल्या वर्षी ती रस्त्याच्या मधोमध. मी साहेब काढला. मग शटरमध्ये. मग आत, पण शेवटच्या रांगेत. दरवर्षी मी एकेक खोटं काढायचो आणि दरवर्षी ती थोडी अलीकडे यायची. आणि गेल्या वर्षी... गेल्या वर्षी तिनं खुर्ची मागे घेतलीच नाही. जागच्या जागी! मी मनोगत संपवून बघत राहिलो. हात खुर्चीच्या पाठीवर, पण ओढली नाही. घरी विचारलं तर म्हणाली, 'बघू पुढच्या वर्षी.' तुम्हाला सांगतो, त्या 'बघू'वर मी वर्ष काढलं. मला फक्त तिची खुर्ची पुढे यायला हवी होती. एक वीत. बाकी मला कोणाचं काही नको होतं.

आणि नेमकं त्याच वर्षात हे मोठं झालं.

झालं कसं, तर त्या न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या बायकोचा व्हिडिओ. कोणीतरी काढून ठेवला होता, तो इतक्या वर्षांनी वर आला. लाखो लोकांनी बघितला म्हणे. मी इकडे जीव तोडून मनोगत म्हणतोय आणि रस्त्यापलीकडे ही पिशवीतल्या शेंगा निवडतेय. बघता बघता चौकशा सुरू. कुठं आहे, कधी आहे, पास मिळेल का? माझा मेहुणा, जो आजवर याला येड्यांचा बाजार म्हणायचा, त्याचा फोन, 'भावजी, पुढच्या रांगेतले दोन बघा की.' म्हटलं, पुढची रांग असं काही नसतं रे, आवडेल तसं पुढे यायचं. तर म्हणतो, 'ते कळलं, पण आधीच पुढे बसलं तर?' म्हणजे न ऐकताच आवडलं. याला काय म्हणाल? मी बोललो? नाही बोललो. बायकोचा भाऊ.

मग मीटिंग झाली. माझ्याच गोडाऊनमध्ये, माझ्याच खुर्च्यांवर. दाढी होता, पण दाढी आता आखूड, कडेनं कोरलेली, पीळ द्यायला काही शिल्लकच नाही, त्यामुळे विचारात पडायचाही बंद झाला असणार. त्याच्याबरोबर एक मॅडम आल्या. कामाला वाघ बाई, खोटं कशाला बोलू? दोन फोन, गळ्यात ओळखपत्र, आणि सगळ्याला 'अनुभव' म्हणायची सवय. बाहेरून आत यायचं तो 'प्रवेशाचा अनुभव', चहा 'चहाचा अनुभव'. मला म्हणाल्या, 'सर, तुमची जागा खूप ऑथेंटिक आहे.' म्हटलं, मग? 'म्हणून आपण दुसरीकडे शिफ्ट होतोय.'

कुठं? अहो, त्याच मोठ्या नाट्यगृहात. ज्यांनी दाढीला हाकललं होतं तिथंच. ते साहेबही तेच. आता म्हणतात, गोष्ट नसली तरी चालेल. मी दाढीकडे बघितलं. तो म्हणाला, 'काका, आपण आतून बदल घडवू.' काका म्हणाला, तेवढ्यावर मी विरघळलो. शेवटचंच ते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याही तोंडात 'सर'.

मी एकच विचारलं. म्हटलं, मॅडम, तिथल्या खुर्च्या सरकतात ना? त्या हसल्या. 'सर, फुल्ली फिक्स्ड सीटिंग आहे, अतिशय कम्फर्टेबल.' म्हटलं, मॅडम, खुर्च्या सरकतात म्हणून लोक येतायत. 'एक्झॅक्टली सर, म्हणून आपण तो अनुभव जपलाय.' कसा जपलाय? तुम्हाला खोटं वाटेल. दारात दोन हात लांबीचे रूळ टाकलेत. त्यावर माझ्या गोडाऊनमधली एक खुर्ची. माणूस बसतो, काळ्या टी-शर्टमधलं पोरगं त्याला पुढे ढकलतं, फोटो निघतो, मागे ढकलतं, फोटो निघतो, पुढचा या. लांब रांग! आत नाटक चाललंय त्यापेक्षा जास्त माणसं रुळापाशी. बाजूला टी-शर्ट विकायला, त्यावर लिहिलंय 'मागे सरका'. आणि माझी दुसरी खुर्ची, चांगली धडधाकट, दोरीच्या आत ठेवलेली, वर पाटी, 'येथे बसू नये'. आयुष्यभर मी लोकांना बसवत आलो हो... मी बोललो? मला सांगा, कोणाशी बोलणार? ज्याच्याशी बोलावं तो फोटोच्या रांगेत.

तर तो दिवस. माझी वेळ दुपारची, जेवणानंतरची. निवेदिका म्हणाली, 'आपले लाडके, आपले ओरिजिनल, खुर्चीवाले काका, जोरदार टाळ्या झाल्याच पाहिजेत.' झाल्या. अजून मी तोंड उघडलं नव्हतं. आमच्याकडे तोंड उघडायच्या आधी फक्त शांतता असायची आणि पत्र्यावरचं कबुतर. इथं डोळ्यांवर दिवे, पुढे मेहुणा, आणि बायको मधल्या रांगेत कडेला, नंबर घातलेल्या खुर्चीत. लाल, मऊ, स्क्रूनं जमिनीत ठोकलेली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं हात नेहमीसारखा खुर्चीच्या पाठीकडे नेला, पकडायला तिथं काही नव्हतं, हात परत मांडीवर ठेवला.

पण म्हटलं, आता आलोय तर करू. आणि या वर्षी मी शेवटचं खोटं काढलं होतं. शेवटी एक खरं घातलं होतं, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आमच्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशी खुर्च्या आपल्याच, पण पाहुण्यांना कमी पडू नयेत म्हणून मी दिवसभर उभा. पोरगी गाडीत बसून गेली. पाहुणे गेले. बायको आत आवरत होती. पोरांनी खुर्च्या टेम्पोत भरल्या आणि एक मोडक्या पायाची तेवढी ठेवली, नको म्हणून. मी तिच्यावर बसलो. आणि... तेच माझी खुर्ची सांगते. ती म्हणते, 'माझा पाय मोडका होता, कोण बसलं तरी मी कलंडायची. त्या दिवशी मुलीचा बाप येऊन बसला आणि रडायला लागला. मी कलंडले नाही.'

हे वाक्य म्हणालो आणि बायको उठली.

उठली हो! खुर्ची ओढता येत नाही म्हणून स्वतःच उठली. रांगेतून बाहेर आली, आणि मधल्या वाटेनं पुढे. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पदर सावरत, माझ्याकडे बघत. मला दिवे दिसेनात, मेहुणा दिसेना. पुढचं वाक्यच विसरलो. नुसता उभा. लोकांना वाटलं, पॉज घेतलाय, एक्सपेरिमेंटल आहे. तेवढ्यात काळा टी-शर्ट धावला. वाकून, अदबीनं, तिच्या दंडाला धरून, 'मॅडम, प्लीज, कार्यक्रम चालू असताना जागा सोडू नका.' ती काहीतरी म्हणाली त्याला. त्यानं मान हलवली. आणि तिला परत नेऊन त्या लाल खुर्चीत बसवली.

मी उरलेलं कसं संपवलं मला माहीत नाही. संपलं, आणि मग त्या टाळ्या. सगळे उभे. आणि तीही उभी राहून वाजवतेय, सगळ्यांसारख्या, सगळ्यांच्याच तालात. पण माझं लक्ष होतं का? मला टाळ्यांचं काय? ती आली होती की पुढे! खुर्चीनं नाही तर पायांनी. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही खुर्च्या ठोका, माणसं ठोकता येत नाहीत! हे मनात म्हटलं. तोंडानं नाही बोललो.

विंगेतून खाली धावलो. सगळीकडे गर्दी, ही कुठं दिसेना. त्याच काळ्या टी-शर्टला गाठलं. म्हटलं, बाळा, बाहेर कुठून जायचं? तो म्हणाला, 'हे काय सर, स्टेजच्या डाव्या हाताला. टॉयलेटपण तिथंच.' म्हटलं, आणि मागच्या बाजूनं? 'मागनं दारच नाही सर. सगळ्यांना पुढूनच.'

तुमच्या लक्षात येतंय का? माझ्या यायला जरा वेळ लागला. म्हणजे या नाट्यगृहात ज्याला आवडलं तो पुढे येणार, आणि ज्याला सहन होईना, ज्याला सरळ घरी जायचंय, तोही पुढेच येणार. एकाच वाटेनं. एकाच दिशेनं. माझ्याकडे बघत बघत. आता मी काय समजायचं? गोडाऊन असतं तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं. इथं जमिनीवर गालिचा. पाऊल वाजलंच नाही.

बाहेर ती पायऱ्यांपाशी उभी होती. डोळे लाल होते की तिथल्या दिव्यांनी झाले होते, ते मी बघितलं नाही. खरं म्हणजे बघायची छाती झाली नाही. तिनं माझी पिशवी घेतली. आम्ही चालायला लागलो. रुळावरच्या खुर्चीची रांग ओलांडली, टी-शर्ट विकणारा ओलांडला, रस्त्यावर आलो. मी सारखा वाक्य जुळवतोय. म्हणजे साधं विचारायचं होतं, अगं, उठलीस ती कुठं निघाली होतीस? त्या पोराला काय म्हणालीस? दोन प्रश्न. इतक्या वर्षांचा संसार, याहून अवघड प्रश्न विचारलेत मी तिला. पण तोंड उघडेना. कारण न्हाव्याच्या दुकानातली बायको मला चालली हो, रस्त्याच्या मधोमध बसलेलीही चालली. आज 'बाथरूमला' म्हणाली असती तर चाललं नसतं.

आणि तेवढ्यात तीच बोलली. समोर बघत, चालता चालता.

'छान झालं.'

आता आमची बायको 'छान झालं' कोणाला म्हणते ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या वहिनीनं केक करपवला होता, तेव्हा म्हणाली होती. डॉक्टरनं तिची चुकीची दाढ काढली, त्याला खुर्चीतून उतरता उतरता म्हणाली होती. मला? मला आजवर एकदाही नाही. मला ती खरं सांगायची. मी थांबलो. तीही थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, बघतच राहिली, जणू तिलाही पुढचं काही सांगायचं होतं, आणि मी नुसतं 'म्हणजे?' एवढं म्हणालो असतो ना, तर आज मला सगळं माहीत असतं.

आणि मी काय म्हणालो?

'थँक यू. वेळ काढून आलात, बरं वाटलं.'